‘भुर्र’मधला र्र स्पॅनिशलाही चालतो!

मैत्रिणींनो, मुलांना मोबाइलवरून स्पॅनिश शिकायची हौस लागली, की ‘आपल्याला कुठं येतं?’ म्हणून आपण बाजूला सरतो. पण उच्चारांपुरती मदत आपल्या सिन्नरच्या स्वयंपाकघरातूनही करता येते बरं का!

स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच, दातांना जीभ लावून म्हणायचे. तेव्हा इंग्रजी ‘ट’ची सवय बाजूला ठेवून ‘तोमाते’ म्हणू द्या. एच हे अक्षर मुकं; ‘ओला’ म्हणजे नमस्कार. जे मात्र घशातून घासून काढलेला ‘ह’. आपला ‘साबण’ पोर्तुगीजांकडून आला असं मानतात. त्याचाच स्पॅनिश भाऊ ‘हाबोन’!

मुलं खरी अडतात ती ‘र्र’पाशी. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा! ‘चिमणी भुर्र उडाली’ म्हणताना जीभ थरथरते ना, तोच ‘र्र’ लांबवायला सांगा.

रोज पाचच शब्द देवनागरीत लिहून घ्या आणि मोबाइलवरच्या उच्चाराशी ताडून पाहा. एक मात्र सांभाळा, चारचौघांत हसू नका. एकदा हसं झालं, की मूल तोंडच उघडत नाही. मग स्पॅनिश राहू द्या, वर्गात मराठी कविता म्हणायलाही ते उठत नाही.