साडेसात हजारांची वायर

आमच्या रूम पार्टनरने इंटर्नशिपच्या पहिल्या स्टायपेंडमधून स्पीकरच्या दोन केबल आणल्या, पाच-पाच मीटरच्या. किंमत साडेसात हजार! लावल्या, गाणं सुरू केलं आणि मीसुद्धा म्हणालो, "अरे, तबला काय मोकळा वाजतोय!" दुसऱ्या दिवशी साहेब म्हणतात, "आता प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची पण घेतो. तीन हजार उसने दे."

पैशांचा प्रश्न आला आणि मला ओहमचा नियम आठवला!

इलेक्ट्रिकच्या दुकानातून १.५ चौरस मि.मी.ची साधी दोन तारांची वायर तेवढ्याच लांबीची आणली. महागडी केबल २.५ ची होती. साध्या मल्टिमीटरवर इथे भरवसा ठेवू नका, त्याच्या प्रोबचाच रोध केबलएवढा असतो. म्हणून वायरचं पलीकडचं टोक शॉर्ट केलं, १ अँपिअर करंट सोडला आणि अलीकडे व्होल्टेज मोजला. स्वस्त वायर : ११७ मिलिव्होल्ट. महाग : ७१. म्हणजे ०.११७ आणि ०.०७१ ओहम. फरक मोजता येतो, हे कबूल!

पण पुढे ८ ओहमचा स्पीकर आहे. हिशोब केला तर आवाजातला फरक येतो फक्त ०.०५ डेसिबल. कानाला साधारण १ डेसिबलचा फरक जेमतेम कळतो. फार लक्ष देऊन ऐकलं तर त्याहून थोडा कमी.

"आकडे सोड, कानाने ऐक," पार्टनर म्हणाला. ठीक! शेजारच्या रूममधल्या मित्राला पडद्यामागे बसवलं. त्याने नाणं उडवून केबल लावायची, आम्ही ओळखायची. असं १६ वेळा. नुसत्या अंदाजाने आठेक बरोबर येतात. १२ किंवा जास्त नशिबाने येण्याची शक्यता शंभरात चारच. पार्टनरचे ९ आले, माझे ७. तो मोकळा तबला मला पाच वेळा स्वस्त वायरवरच ऐकू आला होता!

२००७ साली जेम्स रँडी या जादूगाराने ७,२५० डॉलरची केबल न बघता ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी झालीच नाही.

म्हणून कुठलीही वायर चालते असं मात्र नाही. ०.२ चौरस मि.मी.ची बारीक तार घेतली तर एवढ्याच लांबीला ०.८६ ओहम, म्हणजे जवळजवळ ०.९ डेसिबल जातात. शिवाय स्पीकरचा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो, त्यामुळे स्वरही थोडा बदलतो. तेव्हा जाडी बघा, जोड घट्ट करा, आणि माइकच्या केबलला शील्ड हवंच, नाहीतर गॅदरिंगला घूं-घूं ऐकावं लागेल.

महागडी केबल दुकानदाराने परत घेतली नाही. ती अजून लावलेली आहे. पार्टनर म्हणतो, "दिसते तरी झकास!" माझे तीन हजार मात्र वाचले. त्यातले दोनशे त्याने टपरीची उधारी फेडायला नेले, ते अजून यायचे आहेत.