पोरगी शिकायला चालली, सिम कोणतं घ्यायचं?



बारावीचा निकाल लागला की आपल्या गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. कोणाची मुलगी शेगावला चालली, कोणाचा मुलगा अकोल्याला, कोणी अमरावतीला विद्यापीठात, तर कोणी पार पुण्याला. फी, खोली, मेस, एसटीचा पास हे सगळं बोलून झालं की एखादी ताई विचारते, "तुमच्या पोरीले कोणतं कार्ड देलं वं? स्वस्त कोणतं पडते?"

मागच्या वर्षी मला कोणी हे विचारलं असतं तर मी लगेच उत्तर दिलं असतं. आता देत नाही, कारण मी स्वतः चुकले. ती चूक आधी सांगते, मग सिम कसं निवडायचं ते पाहू.

माझी मुलगी अकोल्याला शिकायला गेली. सोनाळ्यात आमच्या घरी ज्या कंपनीची रेंज चांगली, त्याच कंपनीचं सिम तिला घेऊन दिलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन, "आई, खोलीत रेंजच नाही वं. बोलाचं असलं का गच्चीवर जा लागते." रात्री मुलीनं एकटीनं गच्चीवर जायचं म्हणजे जिवाला घोर. तरी रिचार्ज भरलेलं होतं, म्हणून महिनाभर तसंच रेटलं.

दुसरी चूक तर माझीच. मुलीच्या आधारला माझा नंबर जोडलेला होता. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ओटीपी माझ्या फोनवर यायचा होता, आणि सोंगणीच्या गडबडीत माझं रिचार्ज संपलेलं. ती तिकडून विचारते, "आई, ओटीपी आला का?" इकडे फोन मुका. शेवटी दुकानात पळत जाऊन रिचार्ज मारलं, तेव्हा अर्ज गेला. मुदतीला एकच दिवस बाकी होता. दोन-तीनशे रुपये वाचवायच्या नादात वर्षाची शिष्यवृत्ती हातची गेली असती.

म्हणून आता कोणी "स्वस्त कोणतं" विचारलं की मी उलट विचारते, "लेकरू झोपते कुठं, अभ्यास करते कुठं, अन् तिथं कोणती रेंज येते?"

पहिली गोष्ट : रेंज तिथली पाहा, इथली नाही

आपल्याकडे आज चार कंपन्या आहेत : जिओ, एअरटेल, व्हीआय म्हणजे व्होडाफोन-आयडिया, आणि सरकारी बीएसएनएल. यातली अमुक चांगली आणि तमुक वाईट असं कोणीही गावभर सांगू नये. एकाच गावात एका गल्लीत एक चालते, दुसऱ्या गल्लीत दुसरी. आपलं सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी. अंबाबरवा अभयारण्याच्या बाजूला डोंगरात गेलं की रेंज कमी होते, हे आपण रोज पाहतो. शहरातही तसंच असतं. रस्त्यावर पूर्ण रेंज आणि सिमेंटच्या खोलीत काहीच नाही.

मग पाहायचं कसं?

मुलाला किंवा मुलीला सोडायला जाल तेव्हा वसतिगृहातल्या जुन्या मुलींना विचारा, "तुमच्या खोलीत कोणतं सिम चालते?" तीन-चार जणींना विचारलं की कळतं. सोबत गेलेल्या माणसांच्या फोनांत वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असतील, तर खोलीचं दार लावून प्रत्येकाच्या फोनवरून एक कॉल करा आणि एक व्हिडिओ लावून पाहा. जमलं तर रात्री आठ-नऊला पाहा. तेव्हा सगळेच फोनवर असतात आणि नेट मंद होतं. दुपारी पळणारं नेट रात्री पळेलच असं नाही.

कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा द्यावा असा ट्रायचा नियम आहे. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था. नकाशा मुलांकडून पाहून घ्या, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका. खोलीतला कॉल खरा.

आणि सुट्टीत लेकरू घरी येतं, तेव्हा इथंही निदान कॉल लागला पाहिजे. दोन्हीकडे एकच कंपनी चालत नसेल, तर दोन सिमच्या फोनात मुख्य रिचार्ज शिकण्याच्या जागेच्या सिमवर ठेवा.

दुसरी गोष्ट : फोन कोणता आहे?

जिओचं जाळं ४जी आणि ५जीचंच आहे. घरी आजीजवळ जुना २जी बटणाचा फोन असेल, तर त्यात ते सिम चालणार नाही. बीएसएनएलनं आपलं देशी बनावटीचं ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू केलं, पण आपल्या ठिकाणच्या टॉवरवर ते आलं आहे का, हे तपासूनच घ्या.

दुकानदार म्हणतो, "५जी घ्या, अनलिमिटेड आहे." त्याला तीन प्रश्न विचारा. फोन ५जीचा आहे का? तिथं ५जी येतं का? आणि या रिचार्जवर ते अनलिमिटेड मिळतं का? खाजगी कंपन्या अनलिमिटेड ५जी ठरावीक, वरच्या किमतीच्या रिचार्जवरच देतात. तिन्हींचं उत्तर "हो" असेल तरच जास्तीचे पैसे द्या.

तिसरी गोष्ट : महिना ३० दिवसांचा की २८ चा?

आपण म्हणतो "महिन्याचं रिचार्ज", पण बरीच रिचार्ज २८ दिवसांची असतात. म्हणजे वर्षात १२ नाही, १३ वेळा भरावं लागतं. १३ गुणिले २८ म्हणजे ३६४ दिवस. तेरावं रिचार्ज आपल्या हिशोबात कधीच धरलेलं नसतं.

यावर ट्रायनं २०२२ मध्ये नियम केला. प्रत्येक कंपनीनं निदान एक रिचार्ज ३० दिवसांचं आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारं ठेवलंच पाहिजे. गटाच्या बैठकीच्या तारखेला किंवा मजुरी मिळायच्या तारखेला रिचार्ज यावं असं वाटत असेल, तर दुकानात स्पष्ट मागा, "त्याच तारखेचं द्या."

दर सारखे बदलतात. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकदमच वाढवले. म्हणून इथं आजचे दर देत नाही, हिशोबाची रीत देते. रिचार्जची किंमत भागिले दिवस, म्हणजे रोजचा खर्च.

समजा एकाच कंपनीची, रोज सारखंच नेट देणारी तीन रिचार्ज आहेत :

२८ दिवस, ३०० रुपये : रोजचे १० रुपये ७१ पैसे. वर्षाला १३ वेळा, म्हणजे ३,९०० रुपये.

८४ दिवस, ८५० रुपये : रोजचे १० रुपये १२ पैसे. २८ दिवसांचं तीनदा भरण्यापेक्षा ५० रुपये कमी.

३६५ दिवस, ३,६०० रुपये : रोजचे ९ रुपये ८६ पैसे. वर्षाला ३०० रुपये कमी.

आता वाटेल की गटातून कर्ज उचलून वर्षाचंच मारावं. थांबा, आपलाच हिशोब लावू. ३,६०० रुपये महिना २ टक्क्यांनी घेतले आणि १२ हप्त्यांत ३००-३०० फेडले, तर व्याज होतं ४६८ रुपये. वाचले ३०० आणि व्याज गेलं ४६८. घाटाच झाला. गटाचा दर १ टक्का असेल तर व्याज २३४ होतं, म्हणजे वर्षाकाठी जेमतेम ६६ रुपये वाचतात. त्यासाठी वर्षभर एकाच कंपनीला बांधून घ्यायचं का, ते तुम्ही ठरवा. मधेच खोली बदलली, रेंज गेली, तर भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

माझा अनुभव असा. नव्या जागी पहिलं रिचार्ज २८ दिवसांचंच मारा. महिनाभर चालवून पाहा. नीट चाललं तर पुढं ८४ दिवसांचं घ्या.

चौथी गोष्ट : नेट किती लागतं?

रोज दीड जीबी, रोज दोन जीबी असं लिहिलेलं असतं. रोजचं नेट त्या दिवशी वापरलं नाही तर बहुतेक रिचार्जमध्ये ते रात्री बाराला जातं. आणि संपलं तर वेग इतका कमी होतो की साधा मेसेज मुश्किलीनं जातो.

साध्या दर्जाचा व्हिडिओ एक तास पाहिला तर साधारण अर्धा जीबी लागतो, चांगल्या दर्जाचा पाहिला तर दुप्पट किंवा जास्त. म्हणजे दोन तासांचा अभ्यासाचा व्हिडिओ, नोट्स आणि व्हॉट्सॲप एवढं रोज दीड जीबीत बसतं. वसतिगृहात किंवा ग्रंथालयात वायफाय असेल तर त्याहून कमी लागेल. मुलांनाच फोनमध्ये पाहायला सांगा. रोज किती नेट गेलं ते सेटिंगमध्ये दिसतं. आठवडाभराचा आकडा पाहून रिचार्ज ठरवा.

आणि घरी आपला बटणाचा फोन असेल तर आपण नेटचे पैसे का भरायचे? ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएसचं, नेट नसलेलं रिचार्जही ठेवा. दुकानदार ते स्वतःहून सांगेलच असं नाही. आपण मागायचं.

पाचवी गोष्ट : नंबर सांभाळा, कंपनी बदलली तरी चालेल

हे नीट वाचा ताईंनो. आधारला, बँकेला, महाडीबीटीला, विद्यापीठाच्या अर्जाला सगळीकडे नंबर जोडलेला असतो. कंपनी चालत नाही म्हणून नवा नंबर घेतला, तर एवढ्या सगळ्या ठिकाणी बदलत बसावं लागतं. त्यापेक्षा नंबर तोच ठेवून कंपनी बदला. याला पोर्ट करणं म्हणतात. देशभर ही सोय २० जानेवारी २०११ पासून आहे.

रीत सोपी आहे. त्याच सिमवरून इंग्रजीत 'पोर्ट' लिहा, एक जागा सोडा, आपला दहा आकडी नंबर लिहा आणि १९०० वर एसएमएस करा. आठ अक्षरांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. सोनाळा, अकोला, अमरावती, नागपूर, पुणे हे सगळं एकाच 'महाराष्ट्र' विभागात येतं, तिथं साधारण तीन कामाचे दिवस लागतात. मुंबईचा विभाग वेगळा, मध्य प्रदेशचाही वेगळा. सिम एका विभागातून दुसऱ्या विभागात न्यायचं असेल तर पाच दिवस धरा.

पोर्ट करताना हे लक्षात ठेवा :

- आताच्या कंपनीत ९० दिवस झालेले असले पाहिजेत.
- जुन्या सिममधलं उरलेलं रिचार्ज बुडतं, म्हणून ते संपत आलं की पोर्ट करा.
- सिम बदलताना काही तास फोन बंद राहतो. परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या आठवड्यात पोर्ट करू नका.
- तो कोड म्हणजे आपल्या नंबरची किल्ली. फोनवर कोणी मागितला तर देऊ नका.

आणि माझ्यासारखी चूक करू नका. रिचार्ज संपलं की आधी बाहेर जाणारे कॉल बंद होतात, मग येणारेही. नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढं दुसऱ्या कोणालाही देऊ शकते. मग आपला ओटीपी परक्याच्या हातात.

सिम कोणाच्या नावावर?

१८ वर्षांखालच्या मुलांच्या नावानं सिम मिळत नाही, तेव्हा ते आईवडिलांच्या नावावर घ्यावं लागतं. १८ पूर्ण झाली की मुलीच्या नावानंच सिम घ्या आणि तिच्या आधारलाही तोच नंबर जोडून टाका. तिचा ओटीपी तिच्याच हातात येईल.

रस्त्यावरच्या छत्रीखाली फुकट सिम मिळतं म्हणून घाईनं अंगठा देऊ नका. "मशीननं घेतला नाही, परत द्या" असं म्हणाले तर का ते विचारा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच कळवता येतं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊच सिम चालतात.

तक्रार असेल तर आपल्या सिमवरून १९८ लावा. फोन फुकट आहे. तक्रारीचा क्रमांक मागून वहीत लिहून ठेवा. क्रमांक नसला तर पुढं कोणी ऐकत नाही.

पुढच्या बैठकीत करायचं काम

आपल्या गटात ज्यांची मुलं बाहेर शिकतात, त्यांनी मुलांना विचारून तीन गोष्टी आणा : गाव आणि वसतिगृहाचा भाग, खोलीत चालणारी कंपनी, रोज लागणारं नेट. सचिव ताई वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतील. पुढच्या वर्षी ज्या ताईंची लेक अकोल्याला जाईल, तिला ते पान कामी येईल.

एक शेवटचं. घरात पैशाची ओढाताण झाली की पहिलं रिचार्ज मुलीचंच थांबतं. "तिले कायले लागते एवढं नेट?" असं आपणच म्हणतो. तिचा निकाल, तिचा अर्ज, रात्री "पोहोचले" म्हणून येणारा तिचा फोन, सगळं त्या सिमवर आहे. बियाण्याचे पैसे आपण बाजूला काढून ठेवतो, तसे हेही आधी काढून ठेवा.

माझ्या मुलीचा नंबर तोच आहे, कंपनी बदलली. आता ती खोलीतूनच बोलते.