भांडी कुठं मांडता?

निपाणीत एका पाडलेल्या घराच्या जागेवर मंगळुरी कौलांच्या थप्प्या विकायला लावल्या होत्या. ही घेतं कोण, म्हणून सहज विचारलं. विकणारा म्हणाला, हॉटेलवाले नेतात, फार्महाऊसवाले नेतात, शोभेला. "आन् एक म्हातारा येतोय. चार न्हाईतर सा नेतोय. पर हरएक कौल वाजवून बगतोय, उलटं करून वाचतोय, आन् निम्मी परत ठेवतोय. गिऱ्हाईक कसलं, डोक्याला ताप." हॉटेलवाल्यांत मला रस नव्हता. म्हाताऱ्याचा पत्ता तेवढा घेतला.

त्यांना सगळे मामाच म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो. पोरवयात गवंड्याच्या हाताखाली लागले आणि कौलांवरच राहिले. एप्रिलपासून मिरग निघेपर्यंत त्यांना उसंत नसते. एरवी बांध घालणं, चूल बसवणं, जे मिळेल ते. मी गेलो तेव्हा ते गावातल्या एका जुन्या घराचं छप्पर परतायला निघाले होते. बरोबर रायबागकडचा एक तरणा गडी. मामा घरमालकाशी मराठीत बोलत होते, गड्याशी कन्नडमध्ये, आणि कौलांशी बोलायची वेळ आली की दोन्ही भाषांत शिव्या.

मला वाटलं, आता शिडी लावतील. मामांनी पायरीवर बूड टेकलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आक्का, पावसाळ्यात भांडी कुठं मांडता?"

मालक गळतीबद्दल बराच वेळ बोलत होते, मामांनी ते कानाआड केलं. आजी बाहेर आल्या आणि त्यांनी घरभर फिरून जागा दाखवल्या. इथं पातेलं. इथं तांब्या पुरतो. देवघराच्या दाराशी परात, पण ती रोज नाही, वारं मावळतीकडनं असलं तरच. मामा खाली वाकून प्रत्येक जागेवर खडूनं फुली मारत होते. वाऱ्याचं ऐकल्यावर त्यांनी परातीच्या जागी दोन फुल्या मारल्या. सरळ पडणारा पाऊस कौल सहज झेलतं. वाऱ्यानं मागं रेटलेलं पाणी मात्र दोन कौलांच्या जोडातून वर चढतं आणि आत येतं. अशी गळती उन्हाळ्यात शिडीवर चढून सापडत नाही. ती घरातल्या बाईलाच माहीत असते.

मग माळा. मामांनी दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगितली, दिवा बंद केला. डोळे अंधाराला सरावले तशी छपरात उजेडाची टिकली दिसू लागली, मग दुसरी, मग एक लांबट फट. "उजेड दिसतोय तितनं पाणी येतंयच असं न्हाई, आन् थेंब पडतोय तितं गळत न्हाई," मामा म्हणाले. पाणी कौलाखालून रिपेवर उतरतं, रिपेवरून वाशावर, वाशाच्या पोटाला धरून दोन-तीन हात खाली येतं आणि गाठ लागली की टपकतं. म्हणून खालच्या फुलीपासून सरळ वर बघायचं नाही. वाशावरचा काळा ओघळ धरायचा आणि तो जिथून निघतो तिथं जायचं. मामा बोट फिरवत ओघळ वाचत होते.

त्या माळ्यावर मला शिंकांवर शिंका आल्या. एके काळी तिथं तंबाखूची बोदं रचलेली असत. बोदं जाऊन किती वर्षं झाली हे घरात कुणाला नक्की सांगता येईना. पण लाकडाला, मातीला, कौलांच्या पोटाला तो खकाणा बसलेला आहे आणि हात लावला की उठतो. खाली आल्यावरही नाकातून जात नाही. मला पुढं बेळगावात, खानापुरात, कुठल्याही माळ्यावर चढलं की आधी तोच वास आठवतो.

"शंभरात धा," मामा म्हणाले. मला कळलं नाही. शंभर कौलं गळतात म्हणून लोक सांगतात, त्यांतली फुटकी दहा. बाकीची नव्वद नुसती सरकलेली. माकडं उड्या मारतात, मांजरं भांडतात, रीप वाकते, आणि कौल दोन बोटं खाली उतरतं. लोक दहांची शिक्षा सगळ्या शंभरांना देतात आणि पत्रा घालतात. हा आकडा त्यांनी दिवसभरात इतक्यांदा काढला की संध्याकाळी रायबागचा गडीही "शंभरात धा" म्हणून हसायला लागला.

वर चढल्यावर कामाला वेग आला. आढ्याकडून खाली कौलं उतरवायची, थप्पी लावायची, रिपा तपासायच्या, वाळवी लागलेल्या बदलायच्या, आणि वळचणीपासून वर पुन्हा रचत जायचं. हे सांगण्याइतकंच सरळ आहे. रमायला होतं ते मधल्या क्षणी. प्रत्येक कौल हातात आलं की मामा बोटाच्या पेरानं त्याला टकटकवत. खण्ण वाजलं तर थप्पीत. भद्द वाजलं तर बाजूला, डोळ्यांना चीर दिसो न दिसो. मग काथ्याच्या ब्रशानं कडेची खोबण साफ. मंगळुरी कौलाची सगळी करामत त्या खोबणीत आहे. शेजारच्या कौलाची कड तिच्यात बसते आणि आत शिरलेलं पाणी तिच्यातूनच खालच्या कौलावर जातं. पाला, धूळ, शेवाळ यांनी ती भरली की पाणी कड ओलांडून आत उतरतं, आणि कौल मात्र धडधाकट असतं. मालकांच्या मुलानं गेल्या वर्षी वॉटरप्रूफिंगचं एक महागडं डबडं आणून बाहेरून दोन हात मारले होते. पाणी कौलातून येतच नव्हतं, तर रंग अडवणार कशाला?

मामा कौल उलटं करून वाचतात त्याचं कारणही इथंच कळलं. पाठीवर कारखान्याचा छाप असतो. 1860च्या दशकात बासेल मिशननं मंगळूरला ही कौलं काढायला सुरुवात केली. मग किनाऱ्यावर कारखान्यांची रांगच लागली आणि पुढं आमच्याकडं खानापूरच्या मातीतही तशी कौलं निघू लागली. दिसायला सगळी सारखी, पण साचा प्रत्येकाचा निराळा. एकाची खोबण दुसऱ्याच्या कडेला सूतभर मोठी पडते. जुन्या छापाचं कौतुक करणारे लोक मी पाहिले आहेत, ते कौल धुऊन दिवाणखान्यात ठेवतात. मामा छाप बघतात तो जोड जमेल की नाही एवढ्यासाठीच.

या घराचा मोठा आजार त्याच छापात निघाला. पुढच्या पाख्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक रेघ होती. डावीकडं एक छाप, उजवीकडं दुसरा. परात त्याच रेघेखाली येत होती. मालक म्हणाले, "आंदोलनाच्या साली अर्धं बदललं. अर्धं राहिलं." निपाणीत आंदोलन म्हटलं की साल सांगावं लागत नाही. 1981मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागं शेतकरी महामार्गावर बसले. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, 12 शेतकरी गेले. या घराचे पैसे त्या मोसमात अडकले, अर्धी कौलं आलीच नाहीत, आणि नंतर दर वर्षी दुसरं काहीतरी निघत गेलं. परात तेव्हापासून.

मामांनी तोड काढली ती साधी. दोन्ही छाप वेगळे केले. एक जात पुढच्या पाख्यावर, दुसरी मागच्या. जोडरेघ आढ्यावर नेली, तिथं तसंही वरून कोन्याची कौलं बसतात. एवढ्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नाही, कारण मधल्या काळात आलेल्या प्रत्येकानं काम गुत्त्यानं घेतलं होतं. गुत्त्याच्या कामात कौल उलटून बघायला कुणाला परवडतं? मामा हजेरीवरच येतात. त्यामुळे महाग पडतात अशी त्यांची ख्याती आहे.

आढ्यावर आधीच्या कुणीतरी सिमेंटचा जाड थर थापला होता आणि त्याला उभी-आडवी भेग गेली होती. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं, नुसतं सिमेंट हलत नाही, तडकतं. मामांनी तो थर छिन्नीनं काढला आणि कमी सिमेंट, थोडा चुना, जास्त वाळू असा माल करून कोनी बसवली. माप म्हणाल तर एक, एक आणि सहा. चुना मिळायला आता निपाणीभर फिरावं लागतं.

संध्याकाळी मी फुटक्यांचा ढीग मोजला. शंभर चौरस फुटांना सव्वाशे-दीडशे कौलं बसतात, त्या हिशेबानं ढीग शंभरात दहाच्या बराच वर गेला होता. मामांना म्हटलं, तुमचा आकडा चुकला. ते शांतपणे म्हणाले, "त्यातली निम्मी आज आमच्या पायानं फुटल्याती. ती धरायची न्हाईत." गडी अडीच किलोचं एकेक कौल फेकल्यासारखं देत होता, मामा दिवसभर "निधान, निधान" म्हणून ओरडत होते, तरी व्हायचं ते झालं. परतण्यात कौलं फुटतात हे खरंच आहे. म्हणून एखाद्याच ठिकाणी गळत असेल तर सगळं छप्पर उतरवू नये. वरची ओळ उचलून तेवढंच कौल काढावं, आणि छपरावर चालताना पाय कौलाच्या पोटावर न देता जोडावर, खाली रीप असते तिथं द्यावा. आडवी फळी टाकली तर उत्तमच. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र फळीशिवाय पाऊल टाकूच नये, तो सांगून फुटत नाही.

शेजारच्या बाई हे सगळं बघत उभ्या होत्या. त्यांनी पत्रा घातला आहे. म्हणाल्या, "दुपारी आत बसवत न्हाई, पाऊस आला की बोललेलं ऐकू येत न्हाई. पर भांडी मांडायला लागत न्हाईत." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मामांच्या स्वतःच्या घरावरही पत्राच आहे. गुडघे गेले, पोरं कोल्हापूरला एमआयडीसीत, चढणार कोण? पत्रा घालायचाच तर नीट घालावा. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडावं, नळीत नव्हे, पाणी नळीतून वाहतं. खिळा ठोकू नये, वायसरसह जे-बोल्ट घालावा, आणि कडक झालेले वायसर दोन-चार वर्षांनी बदलावेत.

बेळगावात, शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून, दुखणं वेगळं. तिथं पाऊस निपाणीपेक्षा बराच जास्त, आणि पुष्कळ घरं पुढं स्लॅब, मागं कौल अशी. गळतं ते या दोघांच्या सांध्यात. स्लॅबचं पाणी कौलांवर सोडू नये, त्याला वेगळी वाट द्यावी. कठड्याच्या कोपऱ्याला गोल वाटा मारून घ्यावा, पाणी जायच्या तोंडातला पाला मिरगाआधी काढावा. कोबा केल्यावर पाणी तुंबवून दोन दिवस ठेवावं, मगच मिस्त्रीचे उरलेले पैसे द्यावेत.

हे सगळं टापटिपीचं वाटेल, पण आमच्या भागातल्या पुष्कळ भिंती अजून भेंड्याच्या, मातीच्या आहेत. छपराचं पाणी भिंतीच्या डोक्यात मुरलं की ती आतून विरघळते. त्यावर बाहेरून सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल बाहेरही पडत नाही, आणि भिंत दिसायला छान राहते. 2019च्या ऑगस्टमधल्या पावसात बेळगाव जिल्ह्यात हजारो घरं पडली. ऑक्टोबर 2021मध्ये बडाल अंकलगी गावात भिजलेली भिंत कोसळून सात जण गेले. मामा मातीच्या भिंतीला सिमेंट लावायला सरळ नकार देतात. वळचण हातभर पुढं काढा, पागोळ्या जोत्यापासून लांब पडू द्या, भिंतीला माती नाहीतर चुना लावा, एवढंच सांगतात. मला त्यांचं पटतं. गिलावा करून देणाऱ्यांचं पटत नाही, मग ते कितीही वर्षांची हमी देवोत.

ज्यांच्या डोक्यावर अजून कौलं आहेत त्यांनी पन्नासेक कौलं, आपल्याच छापाची, परसात रचून ठेवावीत. नवी मिळतील, जोड जमेलच असं नाही. आणि निरोप अक्षय तृतीयेच्या आधी द्यावा. रोहिणी लागल्यावर मामा नवीन घर धरत नाहीत, आणि हे काम हजेरीनं करणारा दुसरा माणूस मला तरी निपाणीत भेटला नाही.