खान्देशातील पांढरीची टेकाडे : अंकीय नकाशांकन आणि पुरातत्त्वीय स्थळांचे संरक्षण

प्रस्तावना

जुन्या मराठी कागदपत्रांत गावची जमीन ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशा दोन शब्दांत सांगितलेली आढळते. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीला तिचा रंग येतो तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलीतील राखेने, शेणामातीने, पडलेल्या भिंतींच्या मातीने आणि हाडांच्या चुऱ्याने. एकाच जागी शेकडो वर्षे वस्ती राहिली की तेथे टेकाड तयार होते. वस्ती उठून गेली तरी मातीचा रंग मागे राहतो. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या काठी प्राचीन वसाहतींचा शोध घेणारा अभ्यासक प्रथम या रंगाकडेच पाहतो. दुर्दैवाने याच मातीला इतरही ग्राहक आहेत. शेतकऱ्याच्या लेखी ती खत आहे, धाब्याच्या घरांवर पसरण्यासाठीही ती उपयोगी पडते, आणि रस्त्याच्या भरावाला तर कोणतीही माती चालते.

ऐतिहासिक स्थळांच्या संरक्षणासाठी भौगोलिक माहिती प्रणाली म्हणजेच जीआयएस वापरावी, ही सूचना आता नवी राहिलेली नाही. परंतु अशा प्रकल्पांत बहुधा स्थळाच्या नावापुढे अक्षांश-रेखांश नोंदवून नकाशावर एक ठिपका दिला जातो व तेथेच काम संपते. ठिपक्याने स्थळाचे संरक्षण होत नाही. स्थळाची सीमा आखून ती महसुली गट क्रमांकाशी जोडली, तरच त्या नकाशाचा प्रशासनात उपयोग होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी जळगाव व धुळे जिल्ह्यांचा, आणि पूर्वी धुळ्यात असलेल्या नंदुरबारचा, विचार येथे केला आहे.

टेकाडांनी काय दिले

खान्देशाच्या प्राचीन इतिहासाची बरीचशी साधने उभ्या वास्तूंतून नव्हे, तर जमिनीतून मिळालेली आहेत. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ व १९५६-५७ मध्ये उत्खनन केले. पलीकडच्या काठावरील टेकवाडे येथे ताम्रपाषाणयुगीन दफने मिळाली. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे बा. कृ. थापर यांनी १९५४-५५ मध्ये केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासून पूर्वमध्ययुगापर्यंतचा वस्तीचा क्रम उघड झाला. तापीकाठच्या सावळदे गावाच्या नावावरून तर एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीलाच ‘सावळदा संस्कृती’ हे नाव मिळाले. साक्री तालुक्यात कान नदीच्या काठावरील कवठे येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन करून १९९० मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. याहून कितीतरी प्राचीन म्हणजे चाळीसगावजवळील पाटणे. एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये तेथे केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेषांची नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. त्यांचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो.

यांपैकी कवठे हे स्थळ या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. तेथील वस्तीचा विस्तार मोठा असला तरी थराची जाडी फार नव्हती. उंच टेकाड माती नेणाऱ्याला काही वर्षे तरी पुरते. पातळ थराचे स्थळ मात्र एका उन्हाळ्यात शेत सपाट करताना पूर्णपणे नाहीसे होऊ शकते, आणि ते तेथे होते हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

संरक्षित स्मारकांच्या यादीचा भर मात्र प्रामुख्याने उभ्या वास्तूंवर आहे. पाटणचे चंडिकादेवी मंदिर, तापी-पूर्णा संगमावरील चांगदेव मंदिर, बलसाण्याचा मंदिरसमूह ही नावे त्या यादीत आढळतात व ते योग्यच आहे. या स्मारकांना १९५८ च्या केंद्रीय कायद्याचे आणि त्यातील २०१० च्या दुरुस्तीचे कवच आहे. त्यानुसार संरक्षित सीमेपासून १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटर क्षेत्र विनियमित असते. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे. परंतु दोन्ही कायद्यांची सुरुवात अधिसूचनेपासून होते, आणि अधिसूचनेसाठी आधी सीमा ठाऊक असावी लागते.

नावांचा घोळ

नकाशा करू पाहणाऱ्याची पहिली अडचण संगणकाची नसून नावांची आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वार्षिक वृत्तांतांत नव्याने सापडलेल्या स्थळांच्या याद्या आहेत. त्यांत बहुतेक ठिकाणी गाव, तालुका, जिल्हा आणि सापडलेल्या अवशेषांचा प्रकार एवढेच दिलेले असते. आता प्रकाशे हे एकच नाव घेऊ. उत्खननाच्या वेळी ते पश्चिम खान्देश जिल्ह्यात होते, पुढे ते धुळे जिल्ह्यात गणले गेले आणि १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. १८८० च्या मुंबई गॅझेटियरचा खान्देश खंड पाहावा, तर १९०६ ची पूर्व-पश्चिम विभागणीच तेव्हा झालेली नव्हती. त्यात एकाच नावाची अनेक गावे, बुद्रुक-खुर्दचा भेद, आणि नावामागे लागणारी परगण्याची आद्याक्षरे यांची भर पडते. इंग्रजी लिपीतून पुन्हा मराठीत आलेली रूपे तर वेगळ्याच गावाकडे घेऊन जातात. म्हणून प्रत्येक स्थळासाठी साधनातील मूळ रूप, आजचे मराठी नाव आणि जनगणनेतील गावाचा सांकेतांक असे तीन रकाने सुरुवातीपासूनच वेगळे ठेवणे आवश्यक ठरते. हे काम इतिहास व मराठी विभागांचे आहे. ते संगणकशास्त्र विभागाकडे सोपवून चालणार नाही.

दुसरी अडचण मापनाची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट या मापनाधारावर काढलेले आहेत, तर उपग्रहाधारित स्थाननिश्चिती ‘डब्ल्यूजीएस ८४’ या आधारावर चालते. जुन्या नकाशावरून वाचलेले अक्षांश-रेखांश रूपांतर न करता नव्या नकाशावर टाकले, तर स्थळ शेजारच्या शेतात जाऊन पडते. कायद्यात शंभर मीटरला एवढे महत्त्व असताना ही चूक क्षुल्लक म्हणता येत नाही. क्यूजीआयएससारख्या मोफत आज्ञावलीत हे रूपांतर काही क्षणांत होते, पण ते करावयाचे आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

सीमा कशी ठरवावी

उघड्या शेतात पांढरीचे टेकाड उपग्रहचित्रावर ओळखता येते. सभोवतीच्या काळ्या मातीत ते फिकट डागासारखे दिसते. पण त्यासाठी चित्राचा महिना पाहावा लागतो. कपाशी निघून गेल्यावर, एप्रिल-मे मधील नांगरलेल्या शेतांचे चित्र सर्वांत उपयोगी. रावेर-यावल पट्ट्यात मात्र हाही उपाय अपुरा पडतो, कारण केळीच्या बागा उन्हाळ्यातही जमीन झाकून ठेवतात. तेथे जुन्या चित्रांकडे वळावे लागते. अमेरिकेच्या ‘कोरोना’ टेहळणी उपग्रहांची १९६० ते १९७२ या काळातील छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. ज्या भागाची अशी चित्रे मिळतील, त्या भागाचे हतनूर धरण आणि सुलवाडे, सारंगखेडे, प्रकाशे येथील बंधारे होण्यापूर्वीचे नदीकाठ त्यांत पाहता येतात. इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे.

सिंधू खोऱ्याच्या सपाट प्रदेशात जुन्या सर्वेक्षण नकाशांवरील टेकाडांच्या खुणा संगणकाकरवी शोधण्याचे प्रयोग झाले आहेत. ते उत्साहवर्धक असले तरी खान्देशात त्यांचे अनुकरण जपून करावे. तापीचे काठ घळींनी फाटलेले आहेत, दोन घळींमधील नैसर्गिक उंचवटा नकाशावर टेकाडासारखाच दिसतो, आणि तीस मीटर जाळीच्या उंची-आराखड्यात तीन-चार मीटर उंचीचे लहान टेकाड बहुधा हरवून जाते. शेवटी पायी जाऊन खापरांचा पसारा कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे पाहण्याला पर्याय नाही. साध्या भ्रमणध्वनीतील यंत्रणा मोकळ्या आकाशाखाली साधारणतः पाच मीटरच्या आत स्थान दाखवते. टेकाडाच्या कडेने चालत जाऊन सीमारेषा नोंदविण्यास एवढी अचूकता पुरेशी आहे. चालताना शेताचे स्थानिक नाव अहिराणीतच विचारावे. पांढरी, गढी, जुने गाव अशा अर्थाची नावे सातबाराच्या उताऱ्यावर नसतात, पण माणसांच्या बोलण्यात टिकून असतात.

गट क्रमांकाचे महत्त्व

माती हे गौण खनिज आहे. तिच्या उत्खननाची परवानगी राज्याच्या २०१३ च्या नियमांनुसार महसूल यंत्रणेकडून दिली जाते. परवानगीच्या अर्जात गावाचे नाव व गट क्रमांक असतो, तेथे काय पुरले आहे हे नसते. ज्या कारकुनाच्या टेबलावर तो अर्ज येतो, त्याने ‘सावळदा संस्कृती’ हा शब्द ऐकलेला नसण्याचीच शक्यता अधिक, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपल्या विद्वत्तापूर्ण लेखांतही गट क्रमांक नसतो. पुरातत्त्वाची भाषा आणि महसुलाची भाषा यांची गाठ पडावी अशी कोणतीही नोंद आपण तयार केलेली नाही. अंकीय नकाशाने करावयाचे काम नेमके हे आहे.

महाराष्ट्रात गावनकाशे संगणकावर पाहता येतात. चालून आखलेली टेकाडाची सीमा त्या नकाशावर ठेवली की तिच्याखाली कोणते गट येतात याची यादी मिळते. तालुक्यातील अशा गटांची एक-दोन पानांची यादी तहसील कार्यालयात आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागात गेली, तर परवानगीपूर्वी निदान विचारणा तरी होऊ शकते. टेकाडाचा काही भाग आजच्या गावठाणातच असेल, तर स्थिती निराळी. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन घरनिहाय मिळकतपत्रिका दिल्या जातात. हा नकाशा अत्यंत तपशीलवार असतो, पण त्यात जमिनीचा मालक दिसतो, जमिनीचे वय दिसत नाही. गढीचा उरलेला बुरूज, जुनी विहीर, पारावर मांडून ठेवलेल्या मूर्ती यांचा वेगळा थर त्यावर चढविणे हे जवळच्या महाविद्यालयाला सहज शक्य आहे.

उघड नकाशा की बंद नकाशा

येथे एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. अचूक स्थान सर्वांसाठी खुले केले, तर ते गुप्तधन शोधणाऱ्यालाही मिळते. खान्देशात गढी म्हटली की हंड्यांच्या गोष्टी आल्याच. म्हणून जनतेसाठी गावपातळीपर्यंतची माहिती आणि शासकीय यंत्रणेसाठी सीमा व गट क्रमांक, अशा दोन प्रती ठेवणे प्रस्तुत लेखकास इष्ट वाटते. उभ्या मंदिरांना हा नियम लावण्याचे कारण नाही, ती सर्वांना ठाऊकच असतात. बहाळचे उदाहरण घ्यावे. यादव सिंघणाच्या ज्योतिषी अनंतदेवाने तेथे भवानीचे मंदिर बांधल्याचा शके ११४४ चा शिलालेख फार पूर्वीच प्रसिद्ध झाला आहे. त्याचे स्थान लपविण्यात अर्थ नाही. नदीकाठच्या वस्तीचे थर मात्र वेगळ्या वागणुकीस पात्र आहेत.

दुसरी शंका शेतकऱ्याची असते आणि ती रास्त आहे. ‘नोंद झाली म्हणजे जमीन गेली’ ही भीती बाळगून तो खापरे दाखवण्याऐवजी ती बांधावर फेकून देतो. नोंदीने मालकी बदलत नाही आणि नेहमीची पेरणी-मशागत थांबत नाही, हे त्याला पहिल्या भेटीतच सांगावे. मात्र जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातलेले आहे, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. अर्धवट सांगितलेला कायदा पुढच्या भेटीत आडवा येतो. खताची त्याची गरज खरी असल्याने तलावाच्या गाळाचा पर्याय सुचवावा. २०१७ पासून राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना त्यासाठीच आहे.

सारा खान्देश एकदम हाती घेण्याची आवश्यकता नाही. चाळीसगाव तालुक्यात बहाळ, टेकवाडे, पाटणे आणि पाटण ही स्थळे एकत्र येतात. पाटणच्या शके ११२८ च्या लेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे नमूद आहे. धुळ्यात १९२७ पासून कार्यरत असलेल्या राजवाडे संशोधन मंडळाची दप्तरे व संग्रहालय जवळच आहे. इतिहास, भूगोल व मराठी या तीन विभागांनी एका उन्हाळ्यात चाळीसगाव तालुक्यातील ज्ञात स्थळांच्या सीमा चालून आखाव्यात, त्यांखालचे गट क्रमांक लिहावेत, आणि दरवर्षी मे महिन्यात त्याच कडेने पुन्हा चालून त्याच जागेवरून छायाचित्र घ्यावे. पहिल्या वर्षीची आणि तिसऱ्या वर्षीची रेषा एकमेकींवर ठेवल्यावर टेकाडाची कोणती बाजू खचली व ती माती कोणत्या गटातून गेली, हे तारखेसह दाखवता येईल.