‘सॉट’पासून ‘अल्कोहोलिक’पर्यंत

दारुड्याला समाज काय म्हणतो, यावरून समाज त्याच्याकडे कसा पाहतो ते कळते. जुन्या इंग्रजीत ‘सॉट’ म्हणजे नुसता मूर्ख. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ अट्टल दारुडा असा झाला. ‘टिपलर’ मुळात दारू पिणारा नव्हे, विकणारा. पुढे दुकानदाराचे नाव गिऱ्हाइकाला चिकटले. भांडे घटाघट रिकामे करणारा ‘टॉसपॉट’ शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधील अखेरच्या गाण्यात भेटतो. या शब्दांत थट्टा आहे, हेटाळणी आहे. आजाराची कल्पना मात्र नाही.

ती रुजली एकोणिसाव्या शतकात. तहान या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘डिप्सोमेनिया’ घडला. १८४९ मध्ये स्वीडिश वैद्य माग्नुस हुस यांनी ‘अल्कोहोलिझम’ ही संज्ञा रूढ केली. ‘अल्कोहोलिक’ हे आजचे नाव त्याच कुळातले. ब्रिटनमध्ये १८७९ च्या कायद्याच्या नावात ‘हॅबिच्युअल ड्रंकर्ड्स’ होते. १८८८ मध्ये त्यांच्या जागी ‘इनीब्रिएट्स’ आले. मात्र १८९८ च्या कायद्याने वारंवार दोषी ठरलेल्या इनीब्रिएटला तीन वर्षांपर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. नाव रुग्णाचे झाले, तरी वाट कोर्टातूनच जात राहिली.

मराठीतही आता ‘दारुडा’ऐवजी ‘व्यसनग्रस्त’ लिहितात. त्या माणसाला उपचार मिळतात की नुसते नवे नाव, हे आपणही विचारायला हवे.