चाळिशीनंतरचं स्टिअरिंग
गाडी शिकायला उशीर झाला, असं कायदा म्हणत नाही. मोटार वाहन कायद्यात परवान्यासाठी वयाची वरची मर्यादा नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र तेवढं जोडायचं. आधी शिकाऊ परवाना काढायचा. तो ६ महिने चालतो. किमान ३० दिवसांनी आरटीओत चाचणी दिली की पक्का परवाना. तिशी ते पन्नाशीत तो १० वर्षांचा, पंचावन्न उलटल्यावर ५ वर्षांचा.

पोटापाण्यासाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. व्यावसायिक चालकाला असलेली आठवी पासची अट २०१९च्या दुरुस्तीनं गेली. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४च्या निकालानुसार हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोंच्या आतला टेम्पोही चालवता येतो. रिक्षा-टॅक्सीला मात्र बॅज हवाच.