मे महिन्याची धावपळ आणि तुमची मज्जासंस्था

वार्षिक परीक्षा संपली की घराचं घड्याळच बिघडतं. मुलं रात्री बारापर्यंत मोबाइलवर आणि सकाळी दहाला अंथरुणातूनच विचारणार, ‘आई, नाश्त्याला काय?’ धाकट्याची पोहण्याची बॅच मात्र साडेसहाची. त्यात नणंदेची मुलं राहायला आलेली, मधेच एक लग्न, गावाला जायची तयारी आणि तुमचं ऑफिस नेहमीच्याच वेळेला. सुट्टी सगळ्यांना, तुमच्या वाट्याला दुप्पट काम! पंधरा दिवसांत क्षुल्लक गोष्टीवरून आवाज चढू लागतो, दमून आडवं झालं तरी डोळ्याला डोळा लागत नाही. घरचे म्हणतात, ‘हल्ली तू फार चिडचिड करतेस.’

ही चिडचिड स्वभावातून येते असं नाही. बरेचदा ती शरीराची तक्रार असते.

आतलं घड्याळ

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका असतो. झोप, शरीराचं तापमान, हार्मोन्स यांचं वेळापत्रक तो सांभाळतो. बहुतेकांचं हे घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित जास्त लांबीचं असतं, म्हणून ते रोज जुळवावं लागतं. ते काम सकाळचा उजेड करतो. झोपायच्या, जेवायच्या वेळा रोज बदलल्या आणि झोप कमी पडली की धावपळीला सज्ज करणारी मज्जासंस्थेची बाजू जास्त वेळ चालू राहते. विश्रांती देणारी बाजू मागे पडते. छातीत धडधड, पोट बिघडणं, कशातच लक्ष न लागणं अशा कुरबुरी मग सुरू होतात.

मे महिन्यात सगळ्या वेळा पाळणं शक्य नाही, तो हट्टही धरू नका. फक्त उठण्याची वेळ सोडू नका. रात्री लग्नाहून उशिरा आलात तरी सकाळी नेहमीपेक्षा फार तर तासभर उशिरा उठा. राहिलेली झोप दुपारी वीस-पंचवीस मिनिटांच्या डुलकीने थोडीफार भरून काढा. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं गच्चीत किंवा बाल्कनीत जा. मे अखेरीस मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, कोलकात्यात पाचच्याही आधी. तुम्ही जिथे राहता तिथलं ऊन तापायच्या आत हे उरकून घ्या. पाहुणे घरात असताना दहा मिनिटं गायब झालात तर कोणाचा चहा अडत नाही.

उकाडा आणि झोप

गाढ झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं. उकाड्यात नेमकं तेच होत नाही. झोपण्याआधी तासभर कोमट पाण्याने अंघोळ करा. अगदी गार पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. संध्याकाळी पाहुण्यांसोबतचा चौथा कप चहा टाळा. पाच-सहा तासांनंतरही त्यातलं साधारण निम्मं कॅफीन शरीरात असतं. त्याऐवजी पन्हं किंवा ताक घ्या. पाणी कमी पडलं तर डोकं दुखतं, हृदयाचे ठोके वाढतात आणि आपण समजतो, टेन्शन आलंय.

दिवसा फार तणाव वाटला तर चार अंक मोजत श्वास आत घ्या, सहा अंक मोजत सोडा. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती मंदावते. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एवढं सहज जमतं.

पण एकट्या बाईवर सगळ्या घराचा भार असेल, तर श्वास मोजून किती फरक पडणार? दहा वर्षांच्या मुलाला पोहे भिजवता येतात, नवऱ्याला पोहण्याच्या बॅचला सोडता येतं. कॅलेंडरवर आठवड्यातला एक दिवस आधीच काट मारून ठेवा. त्या दिवशी कुठे जायचं नाही, कोणाला बोलवायचं नाही.

शाळा सुरू होण्याच्या दहा-बारा दिवस आधीपासून मुलांना रोज पंधरा मिनिटं लवकर उठवा. आदल्या रात्री दामटून झोपवण्याचा उपयोग होत नाही. वेळा रुळावर आल्यानंतरही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल किंवा धडधड थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला हवं का, तेही विचारा.